चेहऱ्याखालची ओळ

एक फोटो आणि त्याच्या शेजारी चार ओळींचा मजकूर. ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. निवडणुकीचं ओळखपत्र घ्या, आधार कार्ड घ्या, पासपोर्ट घ्या, नाहीतर परीक्षेचं हॉलतिकीट. एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला नाव, वय, पत्ता. मला आज बोलायचं आहे स्वातंत्र्याविषयी आणि सुरुवात करतो आहे ओळखपत्रापासून, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण गेल्या शतकात एका देशात असं एक ओळखपत्र होतं की ते खिशात नसेल तर माणसाची रवानगी थेट कोठडीत व्हायची. त्याच देशातल्या एका तरुणानं फोटो आणि मजकूर हीच दोन साधनं हाती घेऊन त्या ओळखपत्राला उत्तर दिलं. त्या उत्तराची ही गोष्ट.

तो देश दक्षिण आफ्रिका. १९५२ च्या कायद्यानं तिथल्या सोळा वर्षांवरच्या कृष्णवर्णीय पुरुषांना एक पुस्तिका सतत जवळ बाळगावी लागे. पुढे ही सक्ती स्त्रियांवरही आली. आत फोटो, बोटांचे ठसे, वंशगट, कर भरल्याच्या नोंदी आणि मालकाची दर महिन्याची सही. लोक चिडून तिला ‘डोमपास’ म्हणत, म्हणजे मूर्ख पास. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया या पासांच्या विरोधात प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीवर चालून गेल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पविल इथं पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसं मेली. आपल्या लोकांचाही या कागदांशी जुना संबंध आहे. १६ ऑगस्ट १९०८ रोजी गांधीजींच्या नेतृत्वाखाली जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर हिंदी लोकांनी आपले दोन हजारांहून अधिक नोंदणी दाखले एका कढईत घालून जाळले होते.

या देशात १९४० साली प्रिटोरियाजवळ अर्नेस्ट कोल जन्मला. तरुणपणी त्याच्या हाती फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांचं मॉस्कोच्या माणसांवरचं पुस्तक पडलं आणि आपल्या माणसांचं असं पुस्तक करायचं हे त्यानं ठरवून टाकलं. पण कृष्णवर्णीय माणसानं कॅमेरा घेऊन हिंडायचं कसं? पावलापावलाला पास आडवा येणार. त्यानं आडनावाचं स्पेलिंग बदलून ते इंग्रजी वळणाचं केलं आणि सरकारदरबारी स्वतःची नोंद ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, अशी करून घेतली. कागदावरचा एक शब्द बदलला आणि तेवढ्यानं त्याचे पाय मोकळे झाले. शब्दाची ताकद त्याला पुस्तकांतून शिकावी लागली नाही, ती त्यानं अंगावर अनुभवली.

सोन्याच्या खाणीत तो खाण्याच्या पिशवीत कॅमेरा लपवून शिरला. तिथलं त्याचं एक छायाचित्र जगभर गाजलं. नग्न पुरुषांची एक रांग, तोंडं भिंतीकडे, हात वर. नुसतं चित्र पाहिलं तर वाटेल, हे कैदी असावेत, काहीतरी गुन्हा केला असेल. मग आपण मजकूर वाचतो आणि कळतं की ही नोकरीसाठी आलेल्या मजुरांची वैद्यकीय तपासणी चालली आहे. पोटासाठी गाव सोडून आलेली ही माणसं. त्या क्षणी चित्रातली लाज जागा बदलते. उघडं केलेल्या माणसांना सोडून ती उघडं करणाऱ्या व्यवस्थेकडे जाते. चित्रात एक रेषही बदललेली नसते, पण चित्र बदललेलं असतं.

मी गझल लिहिणारा माणूस, त्यामुळे मला इथं शेर आठवतो. शेराच्या पहिल्या ओळीत एक दृश्य असतं, एक विधान असतं. ऐकणारा मनात काही अंदाज बांधतो. दुसरी ओळ येते आणि तो अंदाज उलटून टाकते. ती ओळ पहिल्या ओळीचंच पुन्हा वर्णन करू लागली तर शेर पडलाच म्हणून समजा. छायाचित्राखालच्या मजकुराचंही तसंच आहे. चित्रात दिसतं तेच खाली सांगितलं तर ती ओळ वाया गेली. चित्राला जे सांगता येत नाही ते तिनं सांगायचं.

आणि चित्राला काय सांगता येत नाही? उद्या सांगता येत नाही. कोलच्या पुस्तकात गोऱ्या घरातल्या मोलकरणींवर एक प्रकरण आहे. एका छायाचित्रात कृष्णवर्णीय दाई आणि तिच्याजवळ मालकाचं लहान मूल आहे. माया दिसते, दुसरं काही नाही. मजकुरात दाईच्या मनातलं येतं. या पोरीवर माझा जीव आहे, पण मोठी झाली की हीही मला तिच्या आईसारखीच वागवील, अशा आशयाचं ती बोलते. चित्रातलं ते निरागस मूल आपल्या डोळ्यांदेखत मोठं होऊन मालकीण होतं. हे कॅमेऱ्याला कधीच जमलं नसतं, आणि नुसत्या शब्दांनी सांगितलं असतं तर त्या मुलीचा चेहरा आपल्याला दिसला नसता.

ही युक्ती काही कोलनं पहिल्यांदा शोधली नाही. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथ या स्त्रीनं १८६० च्या दशकात स्वतःचे छोटे फोटो छापून विकले. अंगावर शाल, हातात विणकाम. त्याखाली छापलेल्या ओळीचा आशय असा, की मूळ वस्तू जगावी म्हणून मी ही सावली विकते आहे. जी बाई एके काळी स्वतःच बाजारात विकली गेली होती, ती आता आपली फक्त सावली विकत होती, आपल्या मर्जीनं आणि आपल्या नावावर. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तिच्या चेहऱ्याखालची ओळ तिची होती.

आमच्या घरी भिंतीवर तसबिरी नसत. आमच्या दादींचा एकच फोटो आहे, हजच्या कागदांसाठी काढलेला. मागे नंबर, खाली अंगठा. गरिबाघरी पुष्कळदा असंच असतं. माणूस गेल्यावर शोधाशोध केली की कुठल्यातरी कचेरीसाठी काढलेला फोटो तेवढा हाती लागतो. त्यात चेहरा आपल्या माणसाचा असतो आणि ओळ कचेरीची असते. त्या अंगठ्याखाली दादी स्वतःहून काय लिहिती झाली असती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तेव्हा सांगायला त्या नव्हत्या.

कोलला त्याच्या ओळींची किंमत मोजावी लागली. पोलिसांनी त्याला खबऱ्या होण्याचा पर्याय दिला. १९६६ साली त्यानं देश सोडला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं ‘हाउस ऑफ बॉन्डेज’ प्रसिद्ध झालं. मजकुरासाठी थॉमस फ्लाहर्टी यांचं साह्य होतं. नाव बायबलातलं आहे. हजरत मूसांनी आपल्या लोकांना ज्या इजिप्तमधून सोडवलं, ते दास्याचं घर. ही कथा कुराणातही आहे. पुस्तकावर दक्षिण आफ्रिकेत बंदी आली आणि कोलला परतीची वाट उरली नाही. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांचं जिणं त्यानं टिपलं, पण त्याचं पुस्तक त्याच्या हयातीत झालं नाही. पुढे डोक्यावर छप्परही राहिलं नाही. नेल्सन मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले आणि त्यानंतर आठवड्याभरानं कोल न्यूयॉर्कमध्ये वारला. ज्या पासांची त्यानं चित्रं काढली ते १९८६ मध्येच रद्द झाले होते.

२०१७ मध्ये स्वीडनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत त्याच्या सुमारे साठ हजार निगेटिव्ह सापडल्या. २०२२ मध्ये मूळ पुस्तक नव्यानं निघालं, त्यात पूर्वी कधी न छापलेलं एक प्रकरण आहे. त्यात मार नाही, बेड्या नाहीत. वाद्यं वाजवणारी, नाचणारी, चित्रं रंगवणारी माणसं आहेत. त्या प्रकरणाला त्यानं नाव दिलं होतं, कृष्णवर्णीयांची कल्पकता.

मला हे प्रकरण सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अन्यायाचा पुरावा गोळा करणं हे स्वातंत्र्याचं अर्धं काम. नाहीतर जगाला पिडलेल्या माणसाचा पिडलेला चेहराच तेवढा पाठ होतो आणि तीही एक प्रकारची पासपुस्तिकाच होते. उरलेलं अर्धं काम म्हणजे तोच माणूस नाचताना दाखवणं, आणि हा कोण आहे हे त्याला स्वतःला सांगू देणं.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आपण पुष्कळ काढतो. पुढच्या वेळी एक करा. फोटो त्यांना दाखवा आणि विचारा, याच्याखाली काय लिहू? आणि ते जे सांगतील, ते जसंच्या तसं लिहा.