तुंबडी : परंपरा आणि पारख

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



कंबर धरली वा गुडघा सुजला, की वैदूकडून तुंबडी लावून घ्यावयाची, ही रीत आपल्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज तीच गोष्ट शहरांतून ‘कपिंग’ या नावाने नव्या थाटात अवतरली आहे. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिक स्पर्धांत जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यांवरील जांभळे वर्तुळाकार डाग जगाने पाहिले आणि तिचा बोलबाला अधिकच वाढला.

हा उपचार प्राचीन आहे, यात शंका नाही. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा ही तीन साधने वात, पित्त व कफ यांना अनुसरून सांगितली आहेत. भोपळ्याच्या आत दिवा ठेवून तो लावावा, असाही निर्देश तेथे आहे. युनानी वैद्यकात यास ‘हिजामत’ म्हणतात. तिचे दोन प्रकार : नुसती ओढ देणारी कोरडी, आणि त्वचेवर बारीक छेद घेऊन रक्त काढणारी ओली.

यामागील क्रिया साधी आहे. ज्योतीने पेल्यातील हवा तापते. ती निवली की आतील दाब घटतो आणि त्वचा वर ओढली जाते. सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून गोल डाग उठतो. ‘दूषित रक्त वर आले’ असे आपण त्यास म्हणतो; वस्तुतः तो मुका मार लागल्यावर उठणाऱ्या डागासारखाच असतो. मान व पाठ यांच्या दुखण्यात काहींना तात्पुरता आराम पडतो, असे काही चाचण्यांत आढळले आहे. तथापि त्यांतील बऱ्याच चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

मित्रहो, खरा धोका तुंबडीत नाही, तो पात्यात आहे. एकच वस्तरा निर्जंतुक न करता अनेकांच्या अंगावर फिरला, तर कावीळ ‘ब’ व ‘क’ आणि एच.आय.व्ही. यांचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. रक्तक्षयाने आधीच फिकट पडलेल्या गर्भवतीचे रक्त काढणे म्हणजे रित्या घागरीतून पाणी उपसणे होय. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही छेद घेऊ नये. आणि सर्पदंशावर तर तुंबडी मुळीच उपयोगी नाही. चोखून विष निघत नाही. जखम मात्र वाढते आणि मोलाचा वेळ जातो. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णास प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात हलविणे, हाच मार्ग आहे.

म्हणून वैदूचा उपहास करावा काय? नाही. ज्या काळी गावात दवाखाना नव्हता, त्या काळी या भटक्या समाजाने आपल्या परीने लोकांची सेवा केली. त्याच्याशी आदराने बोला. पण पात्याविषयी स्पष्ट बोला. ग्रामसभेत हा विषय घ्यावा. शिक्षकांनी पेला व ज्योत घेऊन दाबाचा प्रयोग वर्गात स्वतः करून दाखवावा. कुतूहल जागे झाले की भाबडेपणा आपोआप ओसरतो. ज्यांना छेद घेऊन उपचार करून घ्यावयाचा असेल, त्यांनी नोंदणीकृत वैद्य वा हकीम यांच्याकडेच जावे आणि पाते नवे आहे याची खात्री करून घ्यावी.

परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु तिची पारख करण्याचे कर्तव्य आपणा सर्वांचेच आहे.