सावलीची काठी व आगकाडीचा त्रिकोण



‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो,’ हे वाक्य प्राथमिक शाळेतील मूल निमूटपणे पाठ करते, आणि शिक्षकही ते निमूटपणे सांगतो. वस्तुतः पुणे परिसरात वर्षाच्या 365 दिवसांपैकी केवळ दोन दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या दिवशीही त्या क्षणी घड्याळात बारा वाजलेले नसतात. हे पडताळावयास दुर्बीण लागत नाही. शाळेच्या अंगणात रोवलेली एक काठी पुरते. तरीही ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, कारण मुलाच्या हाती ती काठी कोणी दिली नाही.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात 1988 साली ‘आयुका’ हे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन झाले. डॉ. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक. विश्वाच्या उत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्या ह्या संस्थेने शाळकरी मुलांसाठीही एक दालन उघडले, ते म्हणजे ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’. पु. ल. देशपांडे ह्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीचा तिला आधार मिळाला, आणि तिच्या वास्तूस सप्तर्षींपैकी एकाचे ‘पुलस्त्य’ हे नाव देण्यात आले. तेथे 2003 पासून 2014 पर्यंत श्री. अरविंद गुप्ता ह्यांनी काम केले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले हे अभियंते पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीस असताना 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. त्यांचे साहित्य म्हणजे आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, रद्दी कागद. खेड्यातील शाळेत जे नाही त्यावर त्यांचे काहीच अडले नाही. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

ह्याच वाटेने जाणारे तीन उपक्रम येथे दिले आहेत.

पहिला उपक्रम काठीचा. एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट जागी रोवावी. ती उभी आहे की नाही, हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने मुलांनी तपासावे. बारा ते एक ह्या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली पडेल ती खरी माध्यान्ह, आणि त्या सावलीची रेषा हीच दक्षिणोत्तर दिशा. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे. पुणे त्याच्या सुमारे 8.6 अंश पश्चिमेस असल्याने, दर अंशास 4 मिनिटे ह्या हिशेबाने, येथील माध्यान्ह सरासरीने 35 मिनिटे उशिरा होते.

ही सावली वर्षभर मोजून भिंतीवर तक्ता करावा. 22 डिसेंबरला ती सुमारे 90 सेंटिमीटर भरेल. 21 मार्चला 33. आणि 13-14 मेच्या सुमारास साडेबाराच्या पुढेमागे ती काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. पुढे 21 जूनला जेमतेम 9 सेंटिमीटरची सावली पडेल, पण उत्तरेकडे नव्हे, दक्षिणेकडे! पुण्याचे अक्षांश 18.5 आहेत, आणि सूर्य उत्तरेस 23.5 अंशांपर्यंत जातो. म्हणून तो पुण्याच्या माथ्यावरून जाताना एकदा व परतताना एकदा डोक्यावर येतो. परतीचा दिवस जुलैअखेरचा. तो बहुधा ढगांत जातो. मे महिन्यातील दिवस सुटीत येतो. तेव्हा हे काम मुलांना घरच्या अंगणासाठी सांगून ठेवावे. सूर्याकडे मात्र कोणासही थेट पाहू देऊ नये. पाहावयाचे आहे ते सावलीकडे.

दुसरा उपक्रम आगकाड्यांचा. गूल खरडून टाकलेल्या काड्या व्हॉल्व्हच्या नळीच्या लहान तुकड्यांत दोन्ही टोकांनी खोचाव्यात. तीन काड्यांचा त्रिकोण व चार काड्यांचा चौकोन करून मुलांना दाबावयास सांगावे. चौकोन कलतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात कर्णाची काडी मात्र थोडी लांब हवी, हेही मुले स्वतःच शोधतील, आणि ती बसताच चौकोनही ताठ होईल. तुकड्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी खोचली की सहा काड्यांचा त्रिकोणी मनोरा उभा राहतो. बारा काड्यांचा घन मात्र कोलमडतो. मग मुलांना शाळेच्या छपराची कैची दाखवावी. सुताराने तेथे त्रिकोण का योजले, हे सांगण्याची गरज उरणार नाही.

तिसरा उपक्रम मातीकामाच्या तासाला घ्यावा. मुलांनी 11 सेंटिमीटर व्यासाचा मातीचा गोळा करून पिवळा रंगवावा. हा सूर्य. त्या मापाने पृथ्वी एक मिलिमीटरची, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, आणि गोळ्यापासून जवळजवळ 12 मीटरांवर. चंद्र तिच्यापासून 3 सेंटिमीटरांवर. गुरू हरभऱ्याएवढा, 61 मीटरांवर. तो बहुधा शाळेच्या कुंपणाबाहेर जाईल. नेपच्यून तर साडेतीनशे मीटर दूर. पुस्तकातील एका पानावर दाटीने बसविलेले ग्रह मुलांनी पायांनी चालून पाहिले, म्हणजे आकाश किती रिते आहे ते त्यांस उमगते.

अभ्यासक्रम पुरा करावयाचा असताना ह्यास वेळ कोठून आणावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. विशेषतः एका शिक्षकाकडे दोनतीन वर्ग असतील तेथे ती अधिकच खरी आहे. परंतु मोजमाप, प्रमाण, कोन, आलेख व हस्तकला हे सर्व अभ्यासक्रमातच आहे. येथे ते एकाच काठीपाशी गोळा होते. शिवाय सावलीची नोंद मोठ्या मुलांनी घेतली व लहानांनी खडे ठेवले, तर वर्ग वेगळे करण्याचेही कारण नाही.

डॉ. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात निवर्तले. मुले स्वाक्षरी मागावयास आली की ते त्यांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल, त्याखाली सही असेल. मोठ्या शास्त्रज्ञाने मुलाच्या प्रश्नाचा असा मान राखला. खेड्यातील मुलाच्या प्रश्नाला पोस्टकार्ड लागत नाही. त्याचा शिक्षक समोरच उभा असतो. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शिक्षकास ठाऊक असेलच असे नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. ‘चला, काठी रोवून पाहू,’ एवढे त्याने म्हटले, तरी मुलास पुरेल.