एका नजरेचा शब्द

इंग्रजीत एके काळी ‘विस्टली’ नावाचे एक क्रियाविशेषण होते. अर्थ : टक लावून, एकाग्रपणे. आता ते व्यवहारातून गेले आहे. मला ते बी.ए.ला असताना शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात भेटले. हे नाटक १५९७ साली छापले गेले.

राजा रिचर्ड पदच्युत होऊन कैदेत आहे. गादीवर आलेला चौथा हेन्री म्हणतो, या जिवंत भीतीतून मला सोडवणारा कुणी मित्र नाही का? हे बोलताना तो एक्स्टन नावाच्या सरदाराकडे पाहतो. कसे? तर ‘विस्टली’. आज्ञा नाही, नाव नाही, नुसते पाहणे. एक्स्टन त्या नजरेचा अर्थ लावतो आणि रिचर्डचा खून करतो. शव समोर आणल्यावर हेन्री काय म्हणतो? त्याचे मरण मी इच्छिले होते खरे, पण मारणारा मला नकोसा आहे! नजर वाचणारा चुकला नव्हता, तरी हाकलला गेला तोच.

आता या शब्दाची कुळकथा पाहा. अभ्यासकांच्या मते तो ‘व्हिस्ट’ म्हणजे ‘चूप, निःशब्द’ यापासून आला असावा. निःशब्द पाहणे म्हणजे टक लावून पाहणे. त्याच्यावरूनच सतराव्या शतकात ‘विस्टफुल’ हे विशेषण निघाले असे मानतात. त्याचाही अर्थ आधी ‘लक्षपूर्वक पाहणारा’ असाच होता. पुढे त्यात हुरहुर शिरली, ओढ शिरली. ‘विश’ म्हणजे इच्छा, या शब्दाशी असलेल्या उच्चारसाम्याचा त्यात हात असावा. एक्स्टनने नजरेत इच्छा वाचली, पुढे इंग्रजी भाषेनेही तेच केले. ‘विस्टली’ गेला, ‘विस्टफुल’ राहिला.

आपल्या मराठीला हे नवे नाही. आपण ‘वाट पाहतो’ तेव्हा रस्ता न्याहाळत नसतो, येणाऱ्याची आस धरून असतो. ‘डोळे लावून बसणे’ यातही पाहणे थोडे आणि मागणे जास्त.

म्हणूनच मला वाटते, बोलल्या शब्दाइतकीच नजरेचीही जबाबदारी माणसाने घ्यावी. ‘मी काही बोललोच नव्हतो’ ही पळवाट आपल्या घरांतही चालते, कचेऱ्यांतही. नाटकातला एक्स्टनचा तो प्रवेश जेमतेम दहा-बारा ओळींचा आहे. सवडीने जरूर वाचा.