सागरापार जाणारी शुश्रूषा



रेल्वेरुळांच्या पलीकडे परळची टाटा आणि के. ई. एम. ही रुग्णालये अहोरात्र जागी असताना, प्रभादेवीच्या या सभागृहात उपशामक शुश्रूषेच्या शिक्षणाचा विचार व्हावा, हे सर्वथा उचित आहे. कारण 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यापासून कर्करोगाने गांजलेली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांतून या परिसरात येत आली आहेत, आणि देशातील पहिले हॉस्पिस, शांति अवेदना सदन, तेही 1986 साली याच मुंबईत, वांद्र्याला, उभे राहिले.

आजचा प्रश्न येथे शिकून परदेशी रुजू होणाऱ्या परिचारिकांचा आहे. ब्रिटनला जाणारी आमची भगिनी नर्सिंग कौन्सिलचा दाखला, इंग्रजीची परीक्षा आणि तिकडची ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, हे सारे सोपस्कार पार पाडते. मग तिला औषध सतत संथपणे देणारा सिरिंज ड्रायव्हर लावण्यास शिकवतात. ते आवश्यकच आहे. परंतु यंत्र लवकर हाताला वळते, मरणासन्न माणसाशी बोलणे वळत नाही, आणि खरे शिक्षण हवे ते तेथेच.

आपल्या वॉर्डातला शिरस्ता सर्वांना ठाऊक आहे. मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, ‘सिस्टर, बाबांना यातलं काही कळू देऊ नका’; आणि बाबांनी विचारलेच तर ‘डॉक्टर राउंडला आले की विचारा’ एवढेच बोलण्याची सिस्टरला मुभा असते. तिकडे आजाराची माहिती प्रथम रुग्णाच्या हक्काची मानली जाते. तो रात्रपाळीला आमच्या भगिनीलाच विचारतो, आणि तिचे सवयीचे उत्तर तेथे टाळाटाळ ठरते. हे तिचे अज्ञान नव्हे. वर्षानुवर्षे पाळलेल्या आज्ञेचा तो परिणाम आहे. मॉर्फिनचेही तसेच. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचाने अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने वाट सुकर झाली, तरी ते कधीच न हाताळलेल्या परिचारिका आजही आहेत.

मात्र आमची परिचारिका परदेशी रिक्तहस्त जात नाही. गावी परतणाऱ्या रुग्णाच्या सुनेला जवळ बसवून तिने समजावलेले असते, की मॉर्फिनची गोळी दुखण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून, दर चार तासांनी द्यायची. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे निजतेवेळची मात्रा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. आणि सोबतचे रेचक चुकवायचे नाही. घरालाच शुश्रूषागृह करण्याची ही विद्या घरोघर फिरणाऱ्या तिकडच्या परिचारिकेलाही उपयोगी आहे. तिकडेच, लंडनमध्ये, सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या स्वतः आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या होत्या, आणि वेदना शरीराची तशीच मनाची, कुटुंबाची व श्रद्धेचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला मान्य करावयास लावले. त्यांच्याच देशातील शिक्षणक्रमाने आमच्या परिचारिकेला केवळ उमेदवार लेखावे, हे त्या वारशाशी विसंगत होय.

म्हणून या संमेलनाने दोन ठराव करावेत, अशी माझी शिफारस आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेची निघण्यापूर्वी उपशामक विभागात नेमणूक व्हावी, आणि अप्रिय सत्य सांगण्याचा सराव तिने प्रथम मराठीत, अनुभवी सिस्टरच्या देखरेखीखाली करावा, हा पहिला. तिकडच्या प्रशिक्षणात तिच्या अनुभवाला शिकवण्याचेही स्थान मिळावे, यासाठी आपण तेथील संस्थांशी पत्रव्यवहार करावा, हा दुसरा. यांपैकी पहिला ठराव अंमलात आला, तर त्याचा लाभ येथेच राहणाऱ्या परिचारिकांना आणि त्यांच्या रुग्णांनाही मिळेल. किंबहुना तोच त्याचा मोठा लाभ असेल.