सिग्नल मोठ्याने म्हणायचा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरची दिनचर्या आणि आरोग्य' असा विषय दिला आहे. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर असताना रेल्वेच्या ड्रायव्हरला कशाला उभं करता, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "डॉक्टरांचं आम्ही ऐकत नाही." माझं ऐकाल या भरवशावर बोलतो.

जेऊरच्या माणसाला रेल्वे काही नवीन नाही. १८६० साली सोलापूरपर्यंत रूळ पोचले, तेव्हापासून आपल्या गावाचं घड्याळ स्टेशनवरच आहे. आपली शाळासुद्धा घंटेपेक्षा पॅसेंजरवरच चालायची. पारेवाडी, पोफळजकडून येणारी पोरं उशिरा आली की सर आधी विचारायचे, "गाडी लेट का तू लेट?" मी पुढे त्याच मार्गावर अडतीस वर्षं गाडी चालवली. आधी डिझेल असिस्टंट, मग ड्रायव्हर, आता त्याला लोको पायलट म्हणतात.

बाहेरच्या माणसाला एक गंमत माहीत नसते. इंजिनात दोघं असतात आणि प्रत्येक सिग्नल दोघंही मोठ्याने म्हणतात. असिस्टंट म्हणतो, "होम, हिरवा." ड्रायव्हर बघतो आणि परत म्हणतो, "होम, हिरवा." रात्री तीन वाजता, पावसात, रोजच्याच मार्गावर, तोच सिग्नल हजाराव्या वेळी दिसला तरी म्हणायचा. नवीन पोरांना हे पोरकट वाटतं. पण रोजच्या सवयीचं काम करताना डोळे बघतात आणि डोकं दुसरीकडे असतं, म्हणून ते तोंडाने वदवून घ्यायचं. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून मोठ्याने म्हणायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने प्रयोग केला, तेव्हा शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून म्हटल्यावर त्या ०.३८ वर आल्या.

मला दहा वर्षांपासून बीपीची गोळी आहे. ती चहापत्तीच्या डब्यावर असते, कारण चहा मी कधी विसरत नाही. गोळी घेतली की मी मोठ्याने म्हणतो, "गोळी, घेतली." आमच्या घरातून आतून आवाज येतो, "गोळी, घेतली, हिरवा!" हसू द्या त्यांना. पण 'सकाळी घेतली का नाही घेतली' हा प्रश्न आमच्या घरात पडत नाही. तुमच्यातल्या किती जणांच्या घरात तो रोज पडतो, ते इथे हात वर करून विचारणार नाही.

सवय अशी कशाला तरी टांगावी लागते. नुसतं 'उद्यापासून फिरायला जाणार' म्हटलं की उद्या येतो आणि जातो. 'दूध घालून आलो की तसाच स्टेशनकडे वळणार' म्हटलं तर पाय वळतात. एकवीस दिवसांत सवय लागते असं फोनवर रोज कोणी ना कोणी पाठवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर याचा अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. आपल्याकडे एक दिवस चुकला की माणूस 'मोडलंच आता' म्हणून सगळंच सोडतो. पाहुणे आले, लग्न निघालं, ऊसतोड आली, तर चार दिवस जाऊ द्या. पाचव्या दिवशी परत सुरू करा.

आणि हे आपल्याला कुणी लंडनहून शिकवायला नको होतं. दर आषाढात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी करमाळा, जेऊर, कंदर करत पंढरीला जाते. त्यात सत्तरीच्या म्हाताऱ्या चालतात. एरवी याच म्हाताऱ्या गुडघे दुखतात म्हणून देवळापर्यंत जात नाहीत. दिंडीत 'आज चालावंसं वाटतंय का' असं कुणी विचारत नाही. दिंडी निघाली की पाय निघतात. एकट्याच्या निश्चयापेक्षा सोबत मोठी असते, हे मी गाडीत पाहिलं आणि वारीतही पाहिलं.

आता ज्यासाठी मी बोलायला तयार झालो ते सांगतो. मागच्या मेळाव्याला या मंडपात बसलेले आपले तिघं आज नाहीत. तिघंही साठीच्या आतबाहेर गेले. त्यांची नावं घेत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. त्यांतल्या दोघांना बीपी होतं, हे दवाखान्यात नेलं त्या दिवशी घरच्यांना कळलं.

मी काही त्यांच्यापेक्षा शहाणा नव्हतो. फरक एवढाच की मला सरकार सोडत नव्हतं. ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. पंचेचाळीस वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दरवर्षी. डोळे, बीपी, साखर, सगळं. नापास झालात तर इंजिनावरून खाली. माझं बीपी असंच सापडलं. मला काहीही होत नव्हतं, डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. बीपी १४०/९० च्या वर वारंवार येत असलं तरी माणसाला काही जाणवत नाही, हाच त्याचा घात आहे. माझ्याबरोबर एका बाकावर बसणारा मित्र कंदरकडे केळी करतो. त्याची केळी परदेशात जायच्या आधी चार वेळा तपासली जातात. त्याला स्वतःला मात्र वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत कुणी एकदाही तपासलेलं नव्हतं.

शेती करणाऱ्या मित्रांसाठी आणखी एक. लाईट रात्रीची असली की रात्री मोटार चालू करायची, दारं धरायची, आणि सकाळी सहाला गावात चहाला हजर. दिवसा झोपला तर शेजारी म्हणणार, "काय, आज तब्येत बरी नाही का?" दिवसा झोपणं म्हणजे आळस, हे आपल्या हाडात आहे. रेल्वेत उलटं आहे. रात्रीच्या गाडीहून आलेल्या ड्रायव्हरने रनिंग रूममध्ये झोपणं ही ड्यूटी आहे. खोलीत अंधार करतात, आणि गप्पा मारायला कुणी आत आलं तर त्यालाच बोलणी बसतात. तेव्हा रात्रपाळीची दारं धरून आलेल्या माणसाने सकाळचा दुसरा चहा टाळावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि दार लावून चार-पाच तास निजावं. घरच्यांनी आलेल्याला सांगावं, "झोपलेत, दुपारनंतर या." यात लाजायचं काही नाही. झोप न झालेला माणूस किती धोक्याचा असतो, हे रेल्वेने ओळखलेलं आहे. इंजिनात एक यंत्र असतं. ड्रायव्हरने साधारण एक मिनिट काहीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग घंटी वाजते, आणि तरीही तो हलला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. रात्री मोटारसायकलवर वस्तीहून येताना असा ब्रेक लावायला कुणी नसतं.

हे भाषण लिहिताना मी आपल्या एका वर्गमैत्रिणीला फोन केला. तिला म्हटलं, सवयींबद्दल बायकांसाठी काय सांगू? ती म्हणाली, "मला सवयी भरपूर आहेत, सवड नाही." पहाटे साडेचारला उठते, सगळ्यांची भाकरी झाल्यावर शेवटी जेवते, तीही उरलेली. तिच्यापुढे योगासनांची यादी ठेवायला माझी जीभ वळली नाही. ती एकच गोष्ट करू शकते असं म्हणाली. बचत गटाच्या बैठकीला जाताना लांबच्या रस्त्याने जायचं, आणि सोबत दोघी-तिघींना घ्यायचं. महिन्याभरात त्या पाचजणी झाल्या आहेत. बाकीचं तिच्या घरातल्या पुरुषांनी करायचं आहे आणि त्यांतला एक समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. भाकरी सगळ्यांनी एकत्र बसून खायची सवय ६६ दिवसांत लागते का ते त्याने बघावं.

निवृत्त झालेल्यांना एवढंच सांगतो की घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात माझं वेळापत्रकच गेलं. नऊला उठणं, अकराला नाश्ता, रात्री एक वाजेपर्यंत फोन. शेवटी मी तीन गाड्या पकडल्या. सकाळची गाडी गेली की चालायला, दुपारची गेली की जेवण, रात्रीची गेली की फोन बंद. आता मार्ग दुहेरी झाल्यामुळे गाड्या पूर्वीइतक्या लेट होत नाहीत, त्याचा फायदा माझ्या पोटाला झाला.

शाळेच्या कार्यालयाशेजारच्या खोलीत बीपीची दोन मशिनं ठेवली आहेत, साखर तपासायची सोयही आहे. आपले दोन्ही डॉक्टर तिथे बसतील. ज्यांचं बीपी आज पहिल्यांदाच मोजलं जाणार आहे त्यांनी आधी पाच मिनिटं शांत बसायचं आहे, जिना चढून धापा टाकत हात पुढे करायचा नाही. आकडा मोठा आला तर घाबरू नका, एका मोजणीवर निकाल नसतो, पण चिठ्ठी खिशात ठेवा आणि घरी दाखवा. जेवणाची पंगत साडेबाराला आहे. त्याआधी रांग लावा, आणि सरांना, बाईंना पुढे जाऊ द्या.