मुलांच्या डोळ्यांवर हात ठेवावा काय?

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत बोलताना संकोच वाटावा असाच आहे. परंतु तो आता घरोघरी उभा राहिला आहे, म्हणून टाळणे बरे नव्हे. नग्न चित्रे, वादग्रस्त चित्रे वा पुस्तके यांपासून आईवडिलांनी मुलांना दूर ठेवावे काय, हा तो प्रश्न होय.

लहान मुलांपुरते माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. हया ही आपल्या घरांतील मोलाची चीज आहे. ती जपण्यात मागासलेपणा नाही. कायदाही हेच मानतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९३ प्रमाणे वीस वर्षांखालील व्यक्तीला अश्लील वस्तू विकणे वा दाखविणे हा अधिक कडक शिक्षेचा वेगळा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मुलांसाठी तशी तरतूद कलम २९५ मध्ये आहे.

परंतु ‘जे नग्न ते अश्लील’ असे ठरवून आपण मोकळे होतो, तेथे घोटाळा होतो. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी या तरुण चित्रकाराच्या प्रेमी युगुलाच्या चित्रांवर पोलिसांनी हरकत घेतली. चित्रे उतरविण्यास पदमसींनी नकार दिला. खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी पुन्हा तोच वाद निघाला. पदमसी आणि गोव्याचे सुपुत्र फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या परदेशातून आणलेल्या सात कलाकृती सीमाशुल्क खात्याने अश्लील ठरविल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

हे झाले प्रौढांचे. वाढत्या वयाच्या मुलांचे काय? ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील एका कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्या निकालातील एका विचाराचा आशय असा, की स्त्रीपुरुष संबंधाचा नुसता उल्लेखही वर्ज्य ठरविला, तर निव्वळ धार्मिक ग्रंथांखेरीज दुसरी पुस्तके विकताच येणार नाहीत.

पालकहो, आपली मुलगी डॉक्टर व्हावी असे आपल्याला वाटते. वैद्यकीय महाविद्यालयात तिला पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र शिकावे लागते. ती विद्या म्हणून आपण आनंदाने मान्य करतो. मग चित्रकलेत हात चांगला असलेल्या मुलामुलींना, ‘तेथे उघड्या शरीराची चित्रे काढतात’ एवढ्यावरून कलाशाळेची वाट बंद करणे न्यायाचे आहे काय? आधी स्वतः जाऊन चौकशी करा. उपयोजित कला, वस्त्रकला, सुलेखन असेही मार्ग तेथे आहेत. मुलांचे मन विचारा, मग निर्णय घ्या.

दुसरे असे, की अजिंठ्याच्या सहलीला जाऊ न देणाऱ्या घरातही रात्री मुलाच्या हाती मोबाईल असतो. लेण्यांत समजावून सांगायला शिक्षक तरी बरोबर असतात. मोबाईलपाशी मूल एकटे असते. खरी राखण तेथे हवी.

म्हणून माझे सांगणे एवढेच. पुस्तक वा चित्र आधी आपण पाहावे. मूल लहान असेल तर ‘आता नको, मोठा झालास की पाहू’ असे सरळ सांगावे. मोठे असेल तर जवळ बसून बोलावे. हे कोणी काढले? कशासाठी काढले? यात माणसाचा मान राखला आहे, की देहाचा बाजार मांडला आहे? मुलाने काही विचारले तर त्याला रागावू नये. घरात उत्तर मिळाले नाही की ते बाहेर शोधते, आणि बाहेर सांगणारा आपल्यासारखा काळजीवाहू असेलच असे नाही.

विद्यार्थी मित्रहो, एखादे चित्र आवडले नाही तर तसे म्हणण्याचा, तेथून उठून जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते फाडण्याचा मात्र नाही. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांवरून १९९६ साली वादळ उठले, १९९८ साली त्यांच्या मुंबईतील घराची मोडतोड झाली, आणि २०११ साली लंडनला त्यांचे निधन झाले. ज्यांची मने दुखावली त्यांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. पण मोडतोड गैरच होती. उद्या आपले मन दुखावणारे चित्र पुढे आले, तर तेव्हाही हेच माप लावावे लागेल. माप बदलणाऱ्या घरात मुले इन्साफ शिकत नाहीत.

आज घरी गेल्यावर मुलांजवळ थोडा वेळ बसावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.