कोळशी पानामागे शोधा



वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड भागातली संत्र्याची झाडे काळी पडली, की 'बागेवर कोळशी आली' म्हणून आपण बुरशीनाशक आणायला धावतो. पैसा इथेच वाया जातो. ती काळी बुरशी झाडाच्या आत शिरत नाही. पानांवर पडलेल्या गोड, चिकट द्रवावर ती वाढते, आणि तो द्रव सोडणारी काळ्या माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला असतात.

म्हणून पान उलटून पाहा. नवती फुटली की माशी कोवळ्या पानामागे चकलीच्या वळणाने अंडी घालते. पिल्ले काळी, चमकदार, कडेला पांढरी झालर असलेली. एकदा जागा धरली की ती रस ओढत तिथेच बसतात. झाड खंगते, फुलोरा घटतो, फळांची चव जाते. आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही बहारांच्या नवतीवर वर्षात तिच्या तीन पिढ्या होतात.

साधारण निम्मी अंडी उबलेली दिसली, की पहिली फवारणी करा. दुसरी १५ दिवसांनी. पिल्ले मोठी होऊन त्यांचे कवच टणक झाले, की औषध फारसे लागू पडत नाही. सुरुवात निंबोळी तेलाने करा. नोझल खालून वर धरा. वरून भिजवलेल्या झाडावर पिल्ले सुखरूप राहतात.

१९४९-५० च्या सुमारास मेक्सिकोतल्या बागा याच माशीने हैराण झाल्या होत्या. भारत-पाकिस्तानातून नेलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी कीटकांनी तिला तिथे आवरले. असे मित्रकीटक आपल्या बागेत मुळातच आहेत. ऊठसूट जहाल औषध मारले, की आधी तेच मरतात आणि कोळी ही दुसरी कीड फोफावते. फळावर लाल्या येतो तो या कोळ्यामुळे. आतली फोड चांगली असली तरी साल डागाळली म्हणून व्यापारी भाव पाडतो. कोळ्यावर पाण्यात मिसळणारे गंधक फवारा, पण भर उन्हात नको, पाने करपतात. औषधाची मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्या.

माशी बांध ओलांडून येते. एकट्याने फवारून भागत नाही. तेव्हा नवती दिसताच शेजारच्या बागाईतदारांना गाठा आणि साऱ्या शिवाराच्या फवारणीचा दिवस एकत्र ठरवा.